भाऊ, पाणी कुठलं भरलंत?

मनोरहून पालघरला येताना वाघोबा खिंड लागते. तिथल्या देवळापाशी आजही गाड्या थांबतात, नारळ फुटतो. आमची प्रीमियर पद्मिनी मात्र थांबायची ती बॉनेटमधून वाफ निघायला लागली म्हणून. बाबा आधी बॉनेट उघडायचे, मग वाघोबाला हात जोडायचे. भक्ती किती नि रेडिएटर किती, ते देवालाच ठाऊक. डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन कायम असायचा, पण अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. दाबाखाली पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की एकदम उसळतं. बाबांनी एकदा घाई केली. भाजल्याचा तो डाग मनगटावर शेवटपर्यंत होता.

दुसऱ्या दिवशी गाडी बोईसरला, मिस्त्रींच्या गॅरेजात. मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, पाणी कुठलं भरलंत?" किनाऱ्याकडच्या बोअरचं पाणी मचूळ. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षाराचा पांढरा थर धरायचा. शेजारी तारापूरचं अणुकेंद्र १९६९ पासून समुद्राच्या पाण्यावर गार होतंय आणि आमच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला बोअरचं पाणी पचत नव्हतं!

मग मिस्त्री इंजिन चालू करून रेडिएटरचे वरचे-खालचे होज पाइप चाचपायचे. वरचा चटका देतोय आणि खालचा गार, म्हणजे रेडिएटर चोक. इंजिन तापलंय पण दोन्ही गारच, म्हणजे थर्मोस्टॅट अडकलाय. अंगठ्यानं पंख्याचा पट्टा दाबायचे, वॉटर पंपाखाली ओल शोधायचे. शेवटी डिपस्टिक. ऑइल कटिंग चहासारखं दुधाळ दिसलं की ते काही बोलायचे नाहीत, फडक्याला हात पुसत राहायचे. हेड गॅस्केट गेल्याचं बाबांना तेवढ्यावरून कळायचं.

सगळंच बरोबर होतं असं नाही. "आपल्याकडे कुठली थंडी?" म्हणत मिस्त्री थर्मोस्टॅट सरळ काढून टाकायचे. मग इंजिन पुरतं तापायचंच नाही, पेट्रोल जास्त प्यायचं, झिजायचंही लवकर.

२०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. आता माझ्या गाडीवर एमएच-४८ आहे आणि आत हिरवं कूलंट. स्कॅनर जोडला की तापमान आकड्यात दिसतं, सेन्सर बिघडला तर कोड येतो. सोय खरीच. पण गेल्या मे महिन्यात चिल्हार फाट्यापर्यंत थंडगार असलेला एसी बोईसरच्या गर्दीत गरम वारा फेकू लागला. स्कॅनरवर कोड नाही. सर्व्हिसवाला पोरगा म्हणाला, गॅस भरून घ्या. मी मिस्त्रींच्या मुलाकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, एसी लावायला सांगितला आणि नुसतं पाहत उभा राहिला. पंखा फिरतच नव्हता. हायवेवर वारा समोरून मिळतो, गर्दीत तो पंख्यानंच ओढावा लागतो. मोटर जळाली होती.

आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन गार असताना निळा दिवा, फार तापलं की लाल. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तेव्हा आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन गार असताना बॉनेट उघडून बघा, कूलंट बाटलीवरच्या दोन रेघांच्या मधे आहे ना. कमी असलं, तर कृपा करून बोअरचं पाणी घालू नका.