कानांवरचं ऋण

ध्वनिमुद्रणातलं मला जे काही कळतं, त्यातलं बरंचसं जीन क्लार्कच्या ‘नो अदर’ या अल्बमने शिकवलं. हे ऋण फेडायची सोय नाही. क्लार्क १९९१ साली, ४६व्या वर्षी गेला. त्याचं नाव माझ्या कानावर आलं ते पुष्कळ नंतर, पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत उमेदवारी करताना. तिथल्या सरांनी हेडफोन हातात दिला. म्हणाले, “शब्दांच्या मागे लागू नकोस. आधी नुसता बास धर. तो सापडला की मागच्या बायकांचे आवाज शोध.”

‘बर्ड्स’ हा गाजलेला बँड उभा करणाऱ्यांपैकी क्लार्क एक. तो बँड सोडून काही वर्षं लोटल्यावर, कॅलिफोर्नियात मेंडोसिनोच्या समुद्रकाठी राहत असताना ही गाणी तयार झाली. १९७४मध्ये निर्माता थॉमस जेफरसन के याच्यासोबत ती ध्वनिमुद्रित झाली. अ‍ॅसायलम कंपनीचे एक लाख डॉलरहून अधिक खर्च झाले आणि हाती आली आठ गाणी. कंपनीचे प्रमुख डेव्हिड गेफन नाराज झाले. जाहिरात जेमतेम झाली. बिलबोर्डच्या यादीत अल्बम १४४व्या क्रमांकाच्या वर गेलाच नाही.

‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’ मी सर्वांत जास्त ऐकलं. शब्दांआधी बराच वेळ नुसते स्वर, आलापासारखे. मग ऑर्गन, गिटार, समूहस्वर असे थर चढत जातात, तरी क्लार्कचा आवाज कुठेही गुदमरत नाही. हे कसं साधलं, ते शोधता शोधता मी मिक्सिंग शिकले. आज भावगीताच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन किती मागे ठेवायचं हे ठरवताना माझे कान तिथेच जातात.

या अल्बमला जगवलं ते ऐकणाऱ्यांनी. ‘४एडी’ कंपनीचे एक संस्थापक आयव्हो वॉट्स-रसेल यांच्या ‘धिस मॉर्टल कॉइल’ या संगीतसमूहाने १९८६मध्ये ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’ हेच गाणं नव्याने केलं. पुढे त्याच कंपनीने २०१९मध्ये अख्खा अल्बम पुन्हा काढला. समीक्षकांनी तोवर त्याला डोक्यावर घेतलं होतं.

त्या आवृत्तीत मूळ सत्रांतले दुसरे टेकही आहेत, सगळे थर चढण्याआधीचे. तिथे क्लार्कचा आवाज कितीतरी उघडा आहे, आणि गाणं पेलायला तो एकटा पुरतो. तरीही मला थरांसकटचीच गाणी हवीत. के याने भरमसाट खर्च केला असेल, पण वायफळ केला नाही.