खांबापासून खिडकीपर्यंत

आमच्याकडे नेट गेलं की घरातली माणसं आधी राउटरकडे बघतात, मग माझ्याकडे. राउटर काही बोलत नाही, म्हणून मी उठते. हे खातं माझ्याकडे माहेरापासूनच आलंय. घोडेगावात अँटेना फिरवायला धाब्यावर चढायची पाळी नेहमी माझी. तोंड सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे करायचं, एवढंच शास्त्र ठाऊक. वडील टीव्हीपुढे, आई दारात, आणि "आलं, आलं... अगं गेलं!" हा निरोप तिच्या तोंडून वर यायचा. चित्र दिसलं की पाइपाच्या बुडाशी दगड लावायचा आणि श्वास रोखून खाली उतरायचं. चैत्रातलं वारं सुटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

लग्न होऊन नारायणगावला आले. इथून जवळच आर्वीला विक्रम भूकेंद्र. १९७१ साली सुरू झालेलं, देशातलं या प्रकारचं पहिलं. परदेशाशी होणारं बोलणं तिथल्या अजस्र तबकडीतून निघून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला भेटून पलीकडे उतरायचं. लंडनचा आवाज असा आमच्या तालुक्यात येत होता, आणि मुंबईच्या दिरांशी दोन शब्द बोलायचे तर आम्ही पोस्टात ट्रंक कॉल लावून बाकावर ताटकळत होतो. पाहुण्यांना याचं हसू यायचं. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे. धरण ज्यांच्या उशाला असतं त्यांच्या नळाला पाणी कधी येतं, हे डिंभ्याच्या आसपासच्या माणसांना विचारावं.

पुढे केबल आली. काळी वायर कडुलिंबावरून शेवग्यावर, शेवग्यावरून आमच्या खिडकीत. केबलवाल्यानंच काही वर्षांनी त्याच वाटेनं नेट आणून दिलं. तोवर कुणाची तक्रार नव्हती, कारण मालिका पाच मिनिटं गेली तरी सासूबाई पुढचं कथानक स्वतः रचून सांगायच्या. २०२० सालच्या टाळेबंदीत मात्र सूनबाईचं ऑफिस माजघरात आलं, नातवाची शाळा ओट्याशेजारी आली, आणि वायरीची खरी परीक्षा सुरू झाली.

कंपनीला फोन लावला की एकच उत्तर: "काकू, राउटर बंद करून चालू करा." केलं. दर वेळी केलं. कधी कधी त्यानं खरंच चालू होतं, आणि तीच पंचाईत आहे. मूळ दुखणं तसंच राहतं आणि औषध लागू पडल्यासारखं वाटतं.

मग मी जुन्या वहीत वेळा मांडायला लागले. नेट कधी गेलं, कधी आलं, पाऊस होता का, लाईट होती का. लॅपटॉप वायरीनं थेट राउटरला जोडून बघितला. तरीही जात होतं, म्हणजे वायफाय आणि जाड भिंती दोघेही निर्दोष सुटले. शेजारणीला विचारलं, तिचंही त्याच वेळी जायचं. म्हणजे दुखणं घराबाहेरचं. आठवड्याभरात वही बोलायला लागली. आमच्याकडे लाईट असताना नेट जायचं आणि पलीकडच्या आळीत लाईट आली की परत यायचं. खांबावरच्या पेटीतलं यंत्र विजेवर चालतं, आणि त्याला वीज त्या आळीतल्या एका दुकानातून दिलेली. आमच्या घरी इन्व्हर्टर घेऊन काय उपयोग? पेटीला बॅटरी बसवून मिळाली, पण त्यासाठी वही कंपनीच्या माणसांसमोर उघडून ठेवावी लागली.

पावसातलं जाणं वेगळं होतं. ते शेवग्याच्या फांदीवर सापडलं. तिथं दोन वायरी जोडून वर दुधाची पिशवी गुंडाळलेली. कंपनीच्या पोरानं ती सोडली तर आतून चमचाभर पाणी निघालं. मधली तांब्याची तार हिरवी पडलेली, भोवतीची जाळी काळवंडून भुगा झालेली. पिशवी पाणी अडवण्यासाठी बांधली होती आणि तीच ते धरून बसली होती. पोरानं तेवढा तुकडा कापून टाकला. खिडकीशी मात्र मी त्याला थांबवलं आणि वायरीला आत शिरण्याआधी खाली झोल द्यायला लावला. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी थेंब होऊन गळून पडतं, आत येत नाही. हे काही मोठं ज्ञान नाही, पण तो झोल न दिल्यानं आमची भिंत दोन पावसाळे ओली होती.

आता काचेची तार आलीय, फायबर. तिला पाण्याचं तेवढं भय नाही, तिला वाकणं सोसत नाही. खिळ्याभोवती करकचून वळवली की आतला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो आणि यंत्रावर लाल दिवा लागतो. पोरं छोटा मीटर लावून बघतात. आकडा उणे विसाच्या आसपास असला की खूश, उणे सत्तावीसच्या खाली गेला की शिडी काढतात.

अशाच तारा जवळच्या खोडदलाही आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. आकाशातून आलेला क्षीण संदेश फायबरवरूनच मधल्या इमारतीत जातो. आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचं ऐकणाऱ्या त्या मंडळींना त्रास कशाचा होतो? इतर गोष्टींबरोबर, जवळपासच्या विजेच्या लाईनवर सैल जोडाशी उडणाऱ्या ठिणग्यांचा. त्या शोधायला त्यांनाही खांबांपर्यंत जावं लागतं. हे कळल्यापासून शेवग्याखाली मान वर करून उभी राहताना मला जरा भारदस्त वाटतं.

सध्या काळजी गळीत हंगामाची. उसानं उंच भरलेली ट्रॉली आमच्या वळणावरून जाते आणि लोंबणारी वायर सोबत घेऊन जाते. मी पोराला म्हटलं, "बाळा, वायर वर ओढून घे."

"खांब आमचा नाय ना, काकू. विजेचा आहे."

"आणि वायर?"

"खिडकीपर्यंत आमची. आतली तुमची."

मी वहीचं नवं पान काढलं आणि त्याच्याकडून तारीख घालून लिहून घेतलं. सही करताना तो हसत होता. शिडी मात्र त्यानं त्याच दुपारी आणली.