ब्रेक पुन्हा बोटांवर

बीएमडब्ल्यूच्या आर 1150 आरटीची चावी फिरवून ब्रेकच्या लीव्हरला नुसतं बोट लावलं, तरी टाकीखालून बारीक घरघर ऐकू येते. इंजिन अजून सुरू व्हायचं असतं, गाडी स्टँडवर उभी असते, पण आतले विजेचे पंप कामाला लागलेले असतात. ब्रेकचा सगळा जोर ते लावतात, बोटांनी फक्त मनातलं कळवायचं. पावणेतीनशे किलोंच्या वरची ही गाडी दोन बोटांच्या सांगण्यावरून थांबते, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच ही यंत्रणा काढून टाकण्याचा विषय निघाला की मी अस्वस्थ होतो.

या यंत्रणेचं मूळ एबीएसमध्ये आहे, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत. 1988 साली बीएमडब्ल्यूने के 100 वर इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं. बाजारात आलेल्या मोटरसायकलवर असं एबीएस त्याआधी नव्हतं. तो पहिला संच सुमारे 11 किलोंचा होता, पण त्याने उचललेलं ओझं त्याहून मोठं होतं. चारचाकीची चाकं जाम झाली तर गाडी घसरत जाते. दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं, तर काय झालं हे कळायच्या आत माणूस रस्त्यावर असतो. त्यामुळे ओल्या डांबरावर, ट्रामच्या रुळांवर, पडलेल्या पानांवर पुढचा ब्रेक दाबताना हात कचरायचा. तो कचरणारा हात या यंत्रणेने धीट केला.

2001 पासून तिच्यात सर्वोची, म्हणजे विजेच्या पंपांची ताकद आली आणि दोन्ही चाकांचे ब्रेकही एकमेकांशी जोडले गेले. आरटीवर लीव्हर दाबा की पेडल, ब्रेक दोन्ही चाकांना लागतो. तिच्या बहिणीवर, आर 1150 जीएसवर, लीव्हर दोन्ही चाकं सांभाळतो, पेडल फक्त मागचं. या सुखाची किंमत मात्र टाकीखाली दडलेली असते. लीव्हरकडून आलेलं ब्रेक ऑइल तिथल्या एबीएस युनिटपाशी थांबतं. तिथून चाकांपर्यंत जातं ते वेगळं ऑइल, आणि त्याला ढकलतात ते पंप. पंपांना वीज मिळाली नाही तर ब्रेक अगदी थोडा उरतो, आणि तोही सगळी मूठ आवळून मिळवावा लागतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ते वेळच्या वेळी बदललं नाही, तर युनिटमधल्या नाजूक भागांची वाट लागते. वीस वर्षांत गाडी अनेक हातांतून फिरलेली असते. कोणी निगा राखलेली असते, कोणी नाही. एके दिवशी एबीएसचे इशारा-दिवे लुकलुकायला लागतात, नव्या युनिटचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो, आणि मालक म्हणतो, काढूनच टाकू.

काम हाताने होण्यासारखं आहे. सीट, फेअरिंग आणि टाकी उतरवायची, युनिट बाहेर काढायचं. मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत स्टीलच्या जाळीचे नवे पाइप टाकायचे, पाइप जोडणाऱ्या प्रत्येक बँजो बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घालायचे, नवं डॉट 4 ऑइल भरून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत पंपिंग करत राहायचं. ऑइलचा थेंब रंगावर पडला तर लगेच धुवायचा, कारण ते रंग खातं. ब्रेकलाइटचं कामही हेच युनिट पाहत असतं. ते निघालं की वायरिंग नव्याने जोडावं लागतं, नाहीतर आपण थांबतो आहोत हे मागच्याला कळतच नाही.

ही झाली पान्यांची कामं. त्यानंतरचं काम अंगाचं आहे आणि ते जास्त अवघड आहे. आरटी चालवणाऱ्याच्या पायाला सवय असते, की पेडल दाबलं की गाडी थांबते. आता तेच पेडल फक्त मागचं चाक धरतं, आणि थांबवण्याची खरी ताकद तर पुढच्या चाकात असते. शिवाय या गाड्यांचं टेलिलिव्हर सस्पेन्शन असं, की जोरात ब्रेक लावला तरी पुढचा भाग फारसा दबत नाही. साध्या फोर्कची गाडी नाक खाली घालून जो इशारा देते, तो इथे पुसट असतो. आता लीव्हर आधी अलगद आवळायचा, वजन पुढच्या टायरवर आलं की दाब वाढवायचा, टायर सुटतंय असं वाटलं की क्षणभर सोडायचं. एबीएसमधला संगणक चाकांचा वेग सतत मोजून हे करत होता. आता ते बोटांनी करायचं, तेही घाबरलेल्या घटकेला.

नव्या पाइपांनी लीव्हर कडक आणि सरळ बोलका होतो, आणि हा आनंद खरा आहे. पण एबीएस ज्या एका क्षणासाठी असतं, त्या क्षणी आनंदाचा उपयोग नसतो. युरोपने 2016 पासून आणि आपल्याकडे भारत सरकारने 2018-19 मध्ये 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं केलं, ते त्याच क्षणासाठी.

तेव्हा युनिट दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करा. होतच नसेल, तर मरणपंथाला लागलेल्या सर्वोपेक्षा नीट बसवलेला साधा ब्रेक केव्हाही बरा. पण काम अर्धवट ठेवू नका. जर्मनीत ब्रेकमधला असा बदल तज्ज्ञाकडून तपासून कागदांवर चढवावा लागतो, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. हा नियम मला जाचक वाटत नाही. मोकळ्या, कोरड्या मैदानावर जोरात थांबण्याचा सराव करा, मगच गर्दीत शिरा. आणि पुढे कधी गाडी विकलीत, तर किंमत सांगण्याच्या आधी घेणाऱ्याला सांगा, की या गाडीचं एबीएस काढलेलं आहे.