दोन बोटांचा खेळ

बाबा म्हणायचे, जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगला दोन बोटांचा खेळ असतोच. तेवढं फिरेपर्यंत चाकं हलत नाहीत. हातानं सांभाळून घ्यायचं. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर त्यांच्या मांडीवर बसून मी आधी हेच शिकलो. वळण येण्याच्या जरा आधी हात वळवायचा. आमच्या घरात तो गाडीचा स्वभाव होता.

गाडी माझ्या हाती आली तेव्हा खेळ चार बोटांवर गेला होता, शिवाय ती डावीकडे ओढायची. हे एका दिवसात झालं असतं तर मी घाबरलो असतो. ते केसाकेसानं झालं, आणि हात त्यामागोमाग गेला.

मे महिना. तेंदूपानं गोळा होतात त्या फळीवरून पोती भरून निघालो होतो. २०१४ मध्ये राज्याचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलेल्या आलापल्लीच्या वनवैभवाजवळ गुरं आडवी आली, म्हणून वेग उतरवला होता. खालून ‘खट्’ झालं. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. उजवं चाक वळलं. डावं जंगलाकडेच बघत राहिलं. गाडी घसटत जाऊन एका वारुळाला टेकली.

आदल्याच संध्याकाळी अशाच पोत्यांवर बसून फळीवरच्या सहा बाया गावी परतल्या होत्या. ते आठवलं आणि माझे गुडघे गेले.

मिस्त्री आला, खाली शिरला. “केव्हापासून ओढत होती?”

“ती ओढतेच,” मी म्हणालो.

त्यानं टाय रॉडचा एंड काढून माझ्या हातावर ठेवला. वाटीत पोलादी गोळी, भोवती ग्रीस, वरून रबराची टोपी. चाक वळो की आदळो, गोळी वाटीत फिरत राहते. टोपी फाटली की रपट्यावरचं पाणी आणि मुरमाची भुकटी आत जाते, ग्रीसमध्ये कालवते आणि कानशीसारखी घासत बसते. आमची टोपी कोणत्या पावसाळ्यात फाटली, कुणास ठाऊक. वाटीचं तोंड रुंदावलं होतं. गोळी लिंबासारखी लांबुळकी झाली होती.

बाबांनी ती बराच वेळ बोटांत फिरवली. “मीच तुले सांभाळून घ्यायला शिकवलं,” एवढंच म्हणाले.

आता दर मृगाच्या आधी गाडी अंगणात सपाट जागी उभी करतो. चाकं जमिनीवरच ठेवायची, इंजिन बंद. बाबा सीटवर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवतात. मी खाली उताणा, तळवा सांध्यावर.

“खेळते का?” वरून आवाज येतो.

“थांबा बाबा, अजून एकदा.”