बाकी सारे ठीक

आमच्या मुरब्यात आजार लपत नाही. कोणाची साखर किती वाढली, कोणाच्या गुडघ्यात पाणी झाले, हे किनाऱ्यावरून बाजारात आणि बाजारातून बोईसरच्या रिक्षात पोचायला एक सकाळ पुरते. खाडीपलीकडच्या सातपाटीलाही त्याची वर्दी जाते. पण याच गावात दोन दुखणी अशी आहेत की त्यांचे नाव कोणी काढीत नाही. एक मनाचे आणि दुसरे शेजेचे. आमच्या घरी ही दोन्ही पाठोपाठ आली, आणि दुसरे आले ते पहिल्याच्या औषधातून.

यांचे (नाव घेण्याची सवय माझ्या जिभेला अजून नाही) तारापूरच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम. मामंजी गेले तो पावसाळा होता. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, सारा गाव घरात. आणि त्या भरल्या घरात हे एकटे. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, पगाराचा आकडा चारदा मोजला तरी जमेना. अखेर मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. मुद्दाम पालघरला, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून. भेटलेच. असो. डॉक्टरांनी सर्ट्रालीनची गोळी दिली आणि पाच-सहा आठवड्यांत माझा माणूस मला परत मिळाला. सकाळी उठून बोंबील कोणते आणू, असे विचारू लागला.

मात्र रात्री हे भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. इच्छाच होत नसे. झाली तरी शरीर शेवटापर्यंत साथ देईना. अशा वेळी बायकोच्या मनात काय येते ते बायकांना सांगायला नको. आणि हे आपले वय झाले म्हणून स्वतःशीच हिशेब मांडीत बसले. वय काय, तर पंचेचाळीस!

एकदा कपाट आवरताना गोळ्यांची पाकिटे हाती लागली. आधी शनिवार-रविवारच्या गोळ्या शिल्लक होत्या, आणि मागल्या दहा दिवसांच्या तर सगळ्याच. तेव्हा उलगडा झाला की आठवडाभर यांना चक्कर का येते, चिडचिड का होते, आणि ती पहाटेची येरझार पुन्हा का सुरू झाली. मला खरी भीती वाटली ती त्या येरझारीची. विचारले, तर म्हणाले, "गोळी घेतली की मी बरा असतो, पण नवरा नसतो." या वाक्याला मी काय उत्तर देणार?

पुढल्या खेपेस डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले, "कसं काय?" यांनी नेहमीप्रमाणे सांगितले, "बाकी सारं ठीक." मी म्हटले, "डॉक्टर, ते बाकीचं ठीक आहे. जे ठीक नाही ते मी सांगते." हे खिडकीबाहेर पाहू लागले. मी सांगितले.

डॉक्टर मुळीच चकित झाले नाहीत. पहिल्याच दिवशी हे का सांगितले नाही, असा राग मला आला खरा. पण ही गोष्ट आमच्यापुरती नव्हती. स्पेनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा गोळ्या घेणाऱ्या ३४४ रुग्णांपैकी आपण होऊन ही तक्रार करणारे शंभरात १४ निघाले. डॉक्टरांनी सरळ विचारले तेव्हा ५८! तिकडेही लोक 'बाकी सारे ठीक'च म्हणत होते.

मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य असते. या गोळ्या त्याचा प्रभाव वाढवतात. मन सावरते, पण कामेच्छा आणि तृप्ती यांना लगाम बसतो. बायकांनाही हा त्रास होतो, त्या तर त्याहून कमी बोलतात. गंमत म्हणजे ज्या पुरुषांचे फार लवकर आटोपते त्यांच्यासाठी याच कुळातली डॅपॉक्सेटीन ही गोळी औषध म्हणून देतात. एकाचा ताप तो दुसऱ्याचा उतारा. आमच्या तारापूरच्या वसाहतीत औषधांचे कारखाने काय थोडे आहेत? पण ती औषधे माणसाचे काय काय करतात, हे विचारायला आम्ही धजत नाही.

डॉक्टरांनी आधी हे बजावले की गोळी मनाने बंद करायची नाही, दुखणे उलटते. मग एकेक वाट सांगितली. काहींना काही आठवड्यांत आपोआप उतार पडतो. काहींना मात्रा कमी केली की पुरते. नाहीतर बुप्रोपियॉन किंवा मिर्टाझापिन, ज्यांत हा त्रास कमी असतो. पुरुषांना कधी सिल्डेनाफिल देतात. पण हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने तिला शिवू नये, रक्तदाब एकदम कोसळतो. शिवाय उदासीनता स्वतःच इच्छा मारते, मधुमेह आणि दारूही मारतात, म्हणून सारा दोष गोळीवर टाकण्यापूर्वी तेही तपासले. क्वचित कोणाला गोळी थांबल्यावरही त्रास राहतो, हेही त्यांनी लपवले नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली तशी सूचना गोळ्यांच्या माहितीपत्रकात घालायला लावली आहे.

मला या सगळ्यात र. धों. कर्वे आठवत होते. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरले ते हरलेच. पण प्रश्न विचारणारी माणसे तेव्हाही होती. पत्रातून का होईना, विचारीत होती.

आमचे औषध हळूहळू बदलले. मधले दोन महिने कठीण गेले. एकदा तर जुनीच गोळी बरी होती असे वाटले. आज सगळे पूर्वीसारखे आहे असे नाही. पण हे आता भिंतीकडे तोंड करून झोपत नाहीत, आणि पाकिटातल्या गोळ्या रोज एकेक कमी होतात.

गेल्या आठवड्यात शेजारची एक बाई सुकट द्यायला आली. बराच वेळ दारात घुटमळली. मग पदराशी चाळा करीत म्हणाली, "बाई, तुमचे ते पालघरचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात हो?" मी वार सांगितला, आणि तिला आत बोलावून चहा टाकला.