पद्मिनीची मरम्मत

जुनी मोटार मुळापासून उघडून पुन्हा पहिल्यासारखी करणं, याला शहरातले गॅरेजवाले 'रिस्टोरेशन' म्हणतात. आमच्या उर्दूत त्याला मरम्मत म्हणता येईल. पण मराठी माणसाला मरम्मत म्हटलं की कुणाला तरी चोप बसला असंच वाटतं. मराठीतला जीर्णोद्धार हा शब्द देवळाला शोभतो. पोखर्णीत नृसिंहाच्या देवळामुळे तो लहानथोर सगळ्यांच्या तोंडी. त्यामुळे अब्बांची पद्मिनी गाडी नीट करून घ्यायचं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं, तेव्हा गावात बातमी झाली ती 'फियाटच्या जीर्णोद्धारा'चीच.

आम्ही तिघं म्हणजे परभणीत औषधाच्या दुकानात काम करणारा मोठा भाऊ, सेलूला दिलेली बहीण आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारा हा लेखक. तिघांच्या पगाराची बेरीज केली तरी मोटारीचे शौक परवडावेत अशी नव्हे. अम्मी तर सरळच म्हणाली, "इत्ते पैसे में तो घर का स्लॅब पडता."

तरी ही गाडी नुसता पत्रा नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर मोटारी होऊ लागल्या. पन्नाशीतल्या गोल नाकाच्या फियाटला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणायचे. नशीब आमची त्यानंतरची, नाहीतर दादीने ती अंगणातही उभी करू दिली नसती! १९७४ पासून गाडीचं नाव पद्मिनी झालं. तेव्हा पैसे भरूनही वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अब्बा टीव्हीसमोरून उठले नाहीत.

आमची गाडी १९७८ ची. अब्बांनी ती १९९१ साली जुनीच घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे सलग बाकासारखी सीट, त्यावर अब्बा धरून तिघं. मागे किती, ते विचारू नये. नृसिंहाच्या यात्रेचे भाविक तिने वाहिले, फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हकांच्या उरसाला जाणारे वाहिले, लग्नाचे नवरदेव वाहिले. अर्ध्या रात्री अडलेल्या बाईला परभणीच्या सरकारी दवाखान्यात पोचवायचं तर लोक आमचंच दार वाजवत. तिच्याच भाड्यावर आमचं डी.एड., बी.एड. झालं. पुढे जीपगाड्या वाढल्या, भाडं तुटलं आणि २००९ पासून ती लिंबाखाली उभी राहिली.

छत्रपती संभाजीनगरच्या एका गॅरेजात टेंपोवर घालून नेली. मिस्त्री साठीचे. त्यांनी आधी इंजिन उतरवलं, मग सीटा, काचा, वायरिंग, आणि जुना रंग खरवडायला घेतला. पद्मिनीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नसतो. तळाचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि वरची बॉडी मिळूनच तिचा भार पेलतात. म्हणून तळ गंजला की गाडीचा कणाच गेला. पुट्टीचे थर निघाले तसं खालचं बाहेर येऊ लागलं. ड्रायव्हरच्या पायाखाली तेलाच्या डब्याचा पत्रा रिबिटा मारून बसवलेला. ॲक्सिलेटरच्या जोडणीत सायकलचा आरा. गिअरच्या दांड्यात बाभळीची पाचर. मिस्त्री एकेक वस्तू बाजूला टाकत होते आणि आम्ही अब्बांकडे बघत होतो. या गोष्टी त्यांनी घरात कधी सांगितल्या नव्हत्या. ज्या महिन्यात आमची फी भरली गेली, त्याच महिन्यात हे डबे कापले गेले असणार.

"ये किसने किया?" मिस्त्रींनी विचारलं.

"मैंनेच."

मिस्त्रींनी पत्रा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "हाथ अच्छा है."

त्यानंतर त्या दोघांचं जमलं. तळ नवा घालायलाच हवा हे अब्बांनी लगेच मान्य केलं. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, बंपरला नवं क्रोम, सगळ्याला हो म्हणाले. पार्ट कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आले. कदाचित एखाद्या निवृत्त टॅक्सीचेच असतील. अडले ते एका ठिकाणी. डाव्या दाराच्या आत, कातड्याखाली, त्यांनी खिळ्याने कोरलेले हिशेब होते. कोणाची उधारी, कुठल्या फेरीची. मिस्त्रींना तिथे प्रायमर मारायचा होता. शेवटी तेवढा हातभर तुकडा नुसता घासून, पारदर्शक लाख मारून सोडला. कायद्याचाही प्रश्न नव्हता. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडीच 'विंटेज' म्हणून नोंदता येते. आमची २०२८ पर्यंत नुसती म्हातारी.

काम चार महिन्यांचं होतं, अकरा लागले. पैसे तीन लाखांवर गेले. बहिणीने भिशी उचलली. या फेऱ्यांत एक गोष्ट सतत खुपत राहिली. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मोटारदुरुस्तीच्या धंद्यात आपल्या माणसांचं प्रमाण मोठं असल्याचं आहे, आणि आपण ते मागासलेपणाच्या रकान्यात वाचतो. मिस्त्रींनी आपल्या मुलाला पान्याला हात लावू दिला नाही. तो बँकेत आहे. अब्बांनीही आम्हाला लावू दिला नाही. त्यांचं चुकलं असं म्हणण्याचा अधिकार बी.एड.वर जगणाऱ्या आम्हाला नाही. पण त्या गॅरेजात मिस्त्रींच्या हाताखाली शिकणारं एकही पोर दिसलं नाही. शाळेत आम्ही मुलांना 'क्या बनोगे' विचारतो, तेव्हा मिस्त्री असं उत्तर आलं तर वर्ग हसतो. आता आम्ही त्या हसणाऱ्यांना उभं करून विचारतो, पद्मिनीचा कार्बोरेटर कोण उघडून दाखवेल?

गाडी गंगाखेड रस्त्याने गावात शिरली तेव्हा अब्बा पुढच्या बाकावर होते. चालवायला नजर साथ देत नाही. कान मात्र शाबूत आहेत. उतरताच म्हणाले, टायमिंग जरा पुढे आहे. मग डिकीतून जुन्या सामानाची गोणी उतरवून घेतली, अंगणात चादर पसरली आणि एकेक नग निवडू लागले. आरा, पाचर एकीकडे. डब्याचा पत्रा रॉकेलने पुसून ते अम्मीला म्हणाले, "फेकू नक्को, काम आता."