पुट्टीखाली काय दडलंय?

तर झालं असं, की गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्यातल्या सगळ्या डेडलाइन्सना टाटा करून मी आजोळी गेले. भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातलं सानगडी. किल्ल्याचं गाव, चहूकडे धानाची शेतं. मामाच्या शेडमध्ये धानाच्या पोत्यांमागे आबाजींची फियाट उभी होती. 1984 ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम कलरची. मामानं भंगारवाल्याशी बोलणीही केली होती. आबाजी काहीच म्हणत नव्हते. फक्त दुपारी जाऊन स्टिअरिंगमागे बसायचे.

ते बघून मी जाहीर केलं, ‘मी करते नीट!’

अनुभव? शून्य. मास कॉमची डिग्री आणि यूट्यूबवरचे सहा व्हिडिओ, एवढंच भांडवल. पण ही गाडी म्हणजे काही ऐरीगैरी नव्हे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये सुरू केलेल्या कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेली! मुंबईच्या टॅक्सीताफ्यातूनही ती ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस निवृत्त झाली. आपली का भंगारात जाऊ द्यायची?

दारांच्या खालच्या कडेला आणि दारांखालच्या पट्टीवर रंगाला फोड आले होते. वरवर खरवडलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, स्प्रे पेंट फवारला. झक्कास! फोटो टाकले, मित्रमंडळी फुल टू खूश. आबाजी इतके हरखले, की म्हणाले, ‘‘दिवाळीआधी नागपूरले डोळे दाखवाले याच गाडीनं जाऊ.’’

मग पावसाळा आला. गणपतीत परत गेले, तर फोड हजर. आधीपेक्षा मोठे. त्यात टायर बदलायला मामानं जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी नाही गेली. कर्रकन आवाज झाला आणि माझी सुंदर पुट्टी तुकडे होऊन खाली पडली. आत पत्रा नव्हताच. होता तो नुसता भुगा.

आबाजी बाजूलाच उभे होते. याच गाडीत बसवून मी त्यांना नागपूरपर्यंत, शंभरावर किलोमीटर नेणार होते. पोटात गोळा आला.

साकोलीहून डेंटिंगवाले काका आले. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गाडीभोवती फिरले. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला थप्प. मग खिशातून लोहचुंबक काढलं. पुट्टीचा थर जाड असेल तिथे ते चिकटत नाही. (जुनी गाडी घेणाऱ्यांनो, हा फंडा लिहून ठेवा.) शेवटी म्हणाले, ‘‘मॅडम, तुमी जखम न धुता पट्टी बांधली.’’

या गाडीला वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दारांखालची पट्टी आणि फ्लोअर सडले, तर तो मेकअपचा नाही, हाडांचा प्रश्न असतो. तिथे पुट्टी चालत नाही. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. हे काम नवख्याचं नाही, हे मी निमूटपणे मान्य केलं. बॅटरी, सीट, कार्पेट, पेट्रोलची टाकी आधी बाहेर काढली. ठिणगीचा काय भरवसा?

दारं मात्र माझ्याकडे आली. तिथे गंज वरवरचाच होता. गॉगल, मास्क लावून ग्राइंडरच्या वायर ब्रशनं पत्रा चकाकेपर्यंत घासायचा. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावायचं. ते नीट वाळवून त्याच दिवशी प्रायमर, कारण दमट हवेत उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो. पुट्टी त्यानंतर, तीही अगदी पातळ. ती ओल धरते, आणि खाली गंज राहिला तर तो फुगून रंगाला वर ढकलतो. माझे फोड तेच होते.

पण मुळात दारं सडली कशानं? काकांनी दाराच्या तळाची बारीक भोकं दाखवली. काचेवरून आत उतरणारं पाणी तिथून बाहेर पडतं. ती गच्च बुजलेली. तार घातली, तर चिखल निघाला आणि धानाचा कोंडा. इतकी वर्षं दार आतून ओलं राहत होतं आणि मी बाहेरून रंग देत होते.

तीन आठवडे गेले. नागपूरला आम्ही शेवटी मामाच्या गाडीनंच गेलो, पण दिवाळीत आबाजींनी फियाटमधून गावात चक्कर मारली. हळूहळू, हॉर्न वाजवत. मामानं भंगारवाल्याचा विषय परत काढला नाही.

परवा त्यांचा फोन आला. ‘‘पावसाच्या आधी दाराची भोकं तारेनं साफ केली. तू ये पोरी. पन पुट्टी घेऊन नको येऊ.’’